एनपीओ म्हणजे काय हो? तान्ह्या बाळाच्या तपासणीची तयारी

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "बघा" थोडे कमी केलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका मेसेजमुळे होतोय. एका ताईंनी रात्री साडेदहाला विचारलं होतं, "बाळ दोन महिन्यांचं आहे, उद्या सकाळी सोनोग्राफी आहे. उपाशी न्यायचं की पाजून?" मी उलट विचारलं, सोनोग्राफी कशाची? त्या म्हणाल्या, "ते नाही माहीत, चिठ्ठी इंग्रजीत आहे." फोटो मागवला. त्यावर स्पष्ट 'हिप' लिहिलेलं होतं, म्हणजे खुब्याच्या सांध्याची. त्याला उपाशी ठेवायचं काहीच कारण नाही, उलट पोट भरलेलं बाळ शांत पडून राहतं. पण शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं की सोनोग्राफी रिकाम्या पोटीच करतात. त्यामुळे रात्री बारानंतर बाळाला पाजायचंच नाही असं घरात ठरलं होतं. दोन महिन्यांचं बाळ आणि अख्खी रात्र!

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मी सोलापुरात राहणारी एक आई आहे, जिच्या मुलीचा एमआरआय एकदा रद्द झाला आणि दुसऱ्या वेळी पार पडला. दोन्ही वेळेला जे शिकले, आणि नंतर बालरोगतज्ज्ञांना, भूलतज्ज्ञांना विचारून जे पक्कं करून घेतलं, तेवढंच सांगणार आहे.

आधी रद्द झाला त्याची गोष्ट. मुलगी ऑक्टोबरमधली. तिच्या पाठीच्या कण्याच्या अगदी शेवटी एक छोटा खळगा होता. बहुतेक बाळांमध्ये असे खळगे निरुपद्रवी असतात, पण तिचा जरा वरच्या बाजूला होता आणि तिथे केसांचा पुंजका होता. दुसऱ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, मणक्याची सोनोग्राफी करून घ्या, लवकर करा. आम्ही 'करून घ्या' ऐकलं, 'लवकर' ऐकलं नाही. मग बारसं, मग संक्रांतीची गड्ड्याची जत्रा, घरी पाहुणे, मग मी माहेरी. मार्चमध्ये गेलो तेव्हा सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी प्रोब लावला, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, आता नीट दिसत नाही.

का दिसत नाही, ते मला तेव्हा कळलं. तान्ह्या बाळाच्या मणक्यांच्या मागच्या कमानी सुरुवातीला बऱ्याचशा कूर्चेच्या असतात. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी कूर्चेतून आत जातात, हाडातून जात नाहीत. तीन-चार महिन्यांनंतर तिथलं हाड पक्कं व्हायला लागतं आणि ती खिडकी बंद होते. मग उरतो एमआरआय. आणि पाच महिन्यांचं बाळ त्या बोगद्यात अर्धा-पाऊण तास हलल्याशिवाय राहणार कसं? म्हणून झोपेचं औषध. म्हणजे जी तपासणी माझ्या मांडीजवळ, भूल न देता दहा-पंधरा मिनिटांत झाली असती, ती आमच्या दिरंगाईने भूलतज्ज्ञांपर्यंत गेली.

बाळांच्या बाबतीत अशा 'खिडक्या' बऱ्याच आहेत. डोक्याची सोनोग्राफी टाळूतून होते. आजी ज्या टाळूवर रोज तेल जिरवते, तीच ती जागा. टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भरून येते, मग तो रस्ता बंद. खुब्याच्या सांध्यातला गोळा सुरुवातीचे महिने कूर्चेचा असतो, तो सोनोग्राफीत छान दिसतो आणि एक्स-रेमध्ये जवळजवळ दिसतच नाही. चार-सहा महिन्यांनंतर उलटं होतं. तेव्हा चिठ्ठी हातात आल्यावर पहिला प्रश्न हा विचारा, की ही तपासणी किती दिवसांच्या आत व्हायला हवी? सण, सुतक, सोयर, बारसं यांच्या तारखा नंतर बसवता येतात.

तर एमआरआयची तारीख मिळाली, सकाळी दहाची. कागदावर वेळेच्या खाली तीन अक्षरं होती, एनपीओ, आणि पुढे 'चार तास'. मी मोबाईलवर शोधलं. लॅटिनमधलं आहे, अर्थ 'तोंडाने काहीही नाही'. मी पहाटे साडेपाचला मुलीला पाजलं आणि थांबले. गाडी, पाळी, फॉर्म, वजन, सगळं झालं. आत नेण्याआधी भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, "शेवटचं काय दिलं?" मी म्हटलं, साडेपाचला अंगावरचं दूध. त्यांनी सासूबाईंकडे बघून पुन्हा विचारलं, "त्यानंतर काहीच नाही ना? पाणी, ग्राइप वॉटर, गुटी?"

सासूबाई सहज म्हणाल्या, "गुटी दिली की सव्वाआठला. आईच्या दुधातच उगाळली."

तपासणी रद्द. पुढची तारीख बारा दिवसांनी.

बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलले असणार, कारण सासूबाई म्हणाल्या, "अगं, गुटी म्हणजे काय दूध आहे का? औषध आहे ते. पोरगी उपाशी, म्हणून वारा धरू नये म्हणून दिली." आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर बरोबरच होतं त्यांचं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. 'उपाशी' म्हणजे आपल्याकडे जेवलेलं नाही असं, चहा-औषध त्यात धरत नाहीत. आपल्या उपवासात तर साबुदाण्याची खिचडीही चालते! कागद माझ्या हातात होता, बाळ दिवसभर त्यांच्या हातात होतं. (गुटी मधात उगाळून देत असाल, तर एमआरआय असो की नसो, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. त्यातून बाळाला बॉटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.)

आता हा नियम इतका कडक का, ते समजून घेऊ, कारण समजलं की पाळायला सोपं जातं. जागं बाळ दूध उलटलं की खोकतं, तोंड वळवतं, श्वासनलिका आपोआप मिटते. झोपेच्या औषधाखाली ही राखण ढिली पडते. पोटातलं दूध घशाशी आलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं, आणि तिथे गेलेलं दूध म्हणजे न्यूमोनिया, प्रसंगी त्याहून वाईट. दूध पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो. आईचं दूध लवकर सरकतं, म्हणून ते चार तास. पावडरचं, गाईचं किंवा म्हशीचं दूध पोटात दह्यासारखं घट्ट होतं, म्हणून ते सहा तास. पेज, नाचणीचं सत्त्व, बिस्किट हेही सहा तास. स्वच्छ पाणी दोन तास. बहुतेक ठिकाणी हिशेब हाच असतो. थोडा इकडेतिकडे असू शकतो, तेव्हा तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तोच पाळा. आणि दूध मिसळलेली गुटी दुधातच धरायची.

घड्याळात मांडून बघा. तपासणी अकराला. अंगावरचं दूध सातच्या आत संपलं पाहिजे. सातला सुरू केलं असं नव्हे, संपलं पाहिजे. वरचं दूध पाचच्या आत. मंगळवेढ्याहून किंवा अक्कलकोटहून एसटीने येत असाल तर सातचं दूध घरी की स्टँडवर, हे आदल्या रात्रीच ठरवा. आणि उलट चूक करू नका: चार तास सांगितलेत तर चारच. रात्री दहापासून बंद करणं म्हणजे जास्त सुरक्षित नाही. छोट्या बाळाच्या अंगात साखरेचा साठा कमी असतो, तो उतरतो, अंगातलं पाणी कमी होतं. त्यात आपलं सोलापूर, एप्रिलमध्ये सकाळी दहालाच चटके. म्हणून बाळासाठी सकाळची पहिली वेळ मागा. मागितली तर बऱ्याचदा देतात. आणि तपासणी लांबली, आधी कुणीतरी तातडीचा पेशंट घेतला, तर गप्प बसू नका. उठून विचारा, "बाळाचं इतक्या वाजल्यापासून बंद आहे, मध्ये काही देऊ का?" बाळ मलूल वाटलं, बराच वेळ शू केली नाही, तर तेही लगेच सांगा.

भुकेलं बाळ आईच्या जवळ जास्त रडतं, त्याला दुधाचा वास येतो. तेवढा वेळ बाबांकडे, आजीकडे, काकाकडे द्या, बाहेर व्हरांड्यात फिरवू द्या. आणि आईने स्वतः जेवून घ्यावं! मी पहिल्या वेळी मुलीसोबत उपाशी राहिले होते, का कोण जाणे. चक्कर आली मला, तिला नाही.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा एक मजेशीर गोष्ट घडली, खरं तर धोक्याची. बाकावर शेजारी अक्कलकोटकडची एक बाई होती, दीड महिन्याचं बाळ. तिचाही एमआरआयच. माझी मुलगी भुकेने किंचाळतेय, आणि सिस्टर येऊन त्या बाईला म्हणाल्या, "चला, आता पाजा." एमआरआयच्या दारापासून दहा फुटांवर ती बाळाला पाजायला बसली. माझ्या मनात आलं, तिला चालतं तर मला का नाही? दोन घोट दिले तर काय होतंय? आणि ती माझ्याकडे पाहून अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत म्हणाली, "तुम्ही का पाजेना? पोर रडतंय की."

आम्हा दोघींना दिलेल्या सूचना बरोबर होत्या, आणि एकमेकींच्या अगदी उलट होत्या. तिच्या बाळाला औषध द्यायचंच नव्हतं. साधारण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला, काही ठिकाणी त्याहून थोडं मोठं असलं तरी, पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कानात बोळे घालून नैसर्गिक झोपेत एमआरआय करतात. त्यासाठी बाळ तिथे पोचताना भुकेलं आणि झोपेला आलेलं हवं, आणि पोट भरायचं ते मशीनमध्ये ठेवण्याच्या अगदी आधी. आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्यात, न्हाऊ-माखू घालून, पाजून, दुपट्यात बांधून. फक्त तपासणीपुरतंच घट्ट. एरवी पाय सरळ ताणून रोज बांधणं खुब्याच्या सांध्याला चांगलं नाही, तिथे पाय बेडकासारखे सैल राहू द्यावेत. यात सगळ्यात अवघड काम म्हणजे बाळाला एसटीत झोपू न देणं. गाडी हलली की बाळ झोपतं, आणि दवाखान्यात टकटकीत जागं होतं. त्या बाईने वळसंगपासून बाळाचे तळवे चोळत चोळत जागं ठेवलं होतं म्हणे.

म्हणून विचारायचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: "माझ्या बाळाला झोपेचं औषध देणार आहात का?" हो असेल तर घड्याळ लावून उपास. नसेल तर पाजणं कधी आणि किती, ते त्या तपासणीवर ठरतं. दुसऱ्या आईचं ऐकून काही करू नका, ती अनुभवी असली तरी.

औषध नसूनही उपास लागतो अशी एक तपासणी लक्षात ठेवा, पित्ताशयाची सोनोग्राफी. दूध प्यायलं की पित्ताशय आकसतं आणि दिसत नाही, म्हणून साधारण चार तास पोट रिकामं. ही बहुतेक वेळा कावीळ न उतरणाऱ्या बाळाची असते. बाळ चौदा दिवसांचं होऊन गेलं, कावीळ तशीच आहे आणि शी पांढरट, मातकट होतेय, तर उतारा, झाडपाला, कोवळं ऊन यात एक दिवस घालवू नका. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात ऑपरेशन 60 दिवसांच्या आत झालं तर ते यशस्वी होण्याची शक्यता जास्त असते. मूत्रपिंडाच्या सोनोग्राफीला मात्र भरपूर पाजून न्या, मूत्राशय भरलेलं हवं.

आणि एक तपासणी आहे, एमसीयू म्हणतात. लघवीचं इन्फेक्शन झालेल्या बाळांची. बारीक नळीने मूत्राशयात औषध भरतात आणि बाळ शू करत असताना एक्स-रे घेतात, लघवी उलटी मूत्रपिंडाकडे जाते का ते पाहायला. यात उपास साधारणपणे नसतो. बाळाने टेबलावर शू केली की आया ओशाळतात, "सॉरी हं डॉक्टर" म्हणत पुसायला धावतात. अहो, त्या शूसाठीच सगळे थांबलेले असतात! नळीमुळे पुढे एखादा दिवस जळजळ होते, बाळ शू करताना रडतं. अँटिबायोटिक आधी-नंतर द्यायचं का, ते विचारून घ्या. ताप आला तर लगेच फोन.

एक्स-रेच्या किरणांची भीती सगळ्यांनाच वाटते, मलाही. छातीचा एक साधा एक्स-रे म्हणजे आपल्याला माती, हवा, आकाश यातून थोड्याच दिवसांत आपोआप मिळतात तितके किरण. त्याला घाबरून न्यूमोनियाचं निदान लांबवू नका. सीटी स्कॅनमध्ये ते बरेच जास्त असतात, तिथे विचारायला हरकत नाही: सोनोग्राफी किंवा एमआरआयने काम होईल का, आणि मशीन बाळाच्या वजनाप्रमाणे लावणार ना? 2008 पासून अमेरिकेत मुलांसाठी किरण कमी वापरा अशी डॉक्टरांचीच मोहीम आहे, तेव्हा तुमचा प्रश्न आगाऊपणाचा नाही. आधीच्या सगळ्या फिल्म्स आणि सीडी सोबत न्या, म्हणजे तोच फोटो पुन्हा काढावा लागत नाही. आणि आई पुन्हा गरोदर असेल, नुसती शंका असेल तरी, एक्स-रे किंवा सीटीच्या खोलीत बाळाला धरायला दुसऱ्या कुणीतरी जावं. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच.

एमआरआयचा त्रास वेगळा, लोहचुंबक. आणि आपलं बाळ म्हणजे चालतं-बोलतं सराफी दुकान. वाळे, मनगट्या, कमरेचा करगोटा, त्यात ओवलेला ताईत, झबल्याची टिच बटणं. सगळं घरीच काढा. काळा दोरा कापायला आजी तयार नसतील तर आदल्या दिवशी बोलून घ्या, दारात वाद नको. काजळ-तीटही त्या दिवशी नको, त्यात धातूचे कण असू शकतात. आई सोबत आत जाणार असेल तर मंगळसूत्र, बांगड्या, साडीच्या पिना, केसातले आकडे, मोबाईल, सगळं बाहेर. जोडवी ऐनवेळी निघत नाहीत, बोटं सुजलेली असतात. आदल्या रात्री साबण लावून काढून ठेवा. मंगळसूत्र काढायचं मनाला लागत असेल तर बाबांनी जावं, पट्टा आणि किल्ल्या काढून. मशीनचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. बाळाच्या कानाला काय लावणार, हे नक्की विचारा, आणि स्वतःच्याही कानाला मागा.

झोपेच्या औषधाआधी डॉक्टरांना न विचारता सांगायच्या गोष्टी: सर्दी, खोकला, ताप, झोपेत घोरणं किंवा श्वास अडणं, झटके, चालू औषधं, आणि बाळ दिवस भरायच्या आधी झालं होतं का. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला भुलीनंतर श्वास थांबण्याचा धोका जास्त काळ असतो, कधी रात्रभर ठेवून घेतात. सर्दी लपवू नका. तारीख जाईल म्हणून लपवावीशी वाटते, मला वाटली होती. औषधाचा डोस वजनावर असतो, तेव्हा लसीच्या कार्डावरचं जुनं वजन सांगू नका, तिथे मोजून घ्या. आणि "घरूनच औषध पाजून आणा" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ते औषध जिथे ऑक्सिजन आणि बाळावर नजर ठेवणारा माणूस आहे, तिथेच.

परतीचं सांगायचं राहिलं. सोलापुरात आपण बाळाला बाईकवर, दोघांच्या मध्ये घेऊन जातो. त्या दिवशी नाही. औषधाची गुंगी बरेच तास राहू शकते, आणि गुंगीत मान छातीवर पडली की बाळाचा श्वास कोंडतो. रिक्षा करा, एकाने फक्त बाळाची मान आणि चेहरा पाहत बसायचं. पूर्ण जागं झाल्यावरच पाजायचं, आधी थोडंसं.

कागदपत्रांत एकच गोष्ट. बारशाआधीचे रिपोर्ट 'बेबी ऑफ' आणि आईच्या नावाने असतात, नंतरचे बाळाच्या नावाने. दोन्ही एकाच बाळाचे आहेत हे दाखवायला जन्मदाखला सोबत ठेवा. पैशाचं म्हणाल तर, महात्मा फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. पण ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. नुसती तपासणी बसेल असं गृहीत धरू नका, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. जन्मजात दोष असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. तो कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालाय, आणि पुढे सिव्हिलला पाठवायचं काम ते करतात.

आमचा एमआरआय त्या दुसऱ्या दिवशी झाला. रिपोर्ट ठीक आला, खळगा निरुपद्रवी निघाला. मुलगी दुपारी दोनला नीट जागी झाली आणि प्यायली. तोवर सासूबाई बाहेर बाकावर बसून होत्या. मी कागद घेऊन आले तर त्या एका नव्याच आलेल्या आजीबाईंना विचारत होत्या, "सकाळी गुटी दिली नाही ना हो? दिली असेल तर आत्ताच सांगा, आत गेल्यावर नको."

पुढच्या भागात एका भूलतज्ज्ञांशीच बोलणार आहे. तुमचे प्रश्न असतील तर पाठवा, चिठ्ठीचा फोटो असेल तर बाळाचं नाव झाकून. भेटू.